ल्युपसच्या रुग्णांमधील आतड्यांचे गंभीर विकार

ल्युपस या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर हल्ला करते. दर १० रुग्णांमागे सुमारे ९ स्त्रिया असतात. सांधे, त्वचा व मूत्रपिंडांप्रमाणेच काही रुग्णांत आतडेही बाधित होते.

आतड्याच्या रक्तवाहिन्यांना दाह झाल्यास त्याची भिंत सुजते. रक्तपुरवठा खंडित झाला, तर तो भाग मृत होऊन छिद्र पडू शकते आणि जंतुसंसर्ग पोटात पसरून जिवावर बेतते.

लक्षणे : पोटदुखी, उलट्या, जुलाब, पोट फुगणे, शौचातून रक्त. मात्र ल्युपसवरील स्टेरॉइडमुळे ताप व वेदना दबून राहू शकतात. त्यामुळे सौम्य पोटदुखीही पित्त समजून अंगावर काढू नये.

निदान व उपचार : सीटी स्कॅनमध्ये भिंतीची सूज दिसते. जंतुसंसर्गाची शक्यता तपासून शिरेतून स्टेरॉइड दिले जाते. छिद्र पडल्यास तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

भिलईच्या स्मृति नगर परिसरातील रुग्णांना रायपूरची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (स्थापना २०१२) जवळ आहे. डॉक्टरांना ल्युपस व चालू औषधांची माहिती प्रथम द्यावी. स्टेरॉइड परस्पर बंद करू नये.