मुंबई ते लंडन : वाट आणि वेळ

मुंबईहून लंडन सरळ रेषेत मोजले तर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे साडेचार हजार मैलांच्या आसपास भरते. शिवाजी महाराजांच्या काळीही ते तेवढेच होते. बदलली ती वाट, आणि वाटेबरोबर वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण नकाशे पाहण्याची आवड राहिली, म्हणून भगिनींनो, हा विषय घेतला.

शिडाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात. त्यात चार-पाच महिने सहज मोडत. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला आणि आगबोटीचा प्रवास तीन-चार आठवड्यांवर आला. १८७० साली समुद्रातून तारही मुंबईपर्यंत पोहोचली. आता झाले असे की, घरातले कोणी गेले तर बातमी लगेच विलायतेस जाई, पण मुलगा मिळेल त्या बोटीने निघाला तरी तेरावा उलटून गेलेला असे. आईचे तोंड पाहणे त्याच्या नशिबी नसेच. १८८९ मध्ये रखमाबाई डॉक्टरी शिकण्यास लंडनला गेल्या, त्या याच बोटींच्या दिवसांत. आपण त्यांच्या पदवीचे कौतुक करतो. त्या निघाल्या तेव्हा मागे काय सोडून निघाल्या, हे मात्र कोणी विचारीत नाही.

पुढे विमान आले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनीव्हामार्गे लंडनला निघाले. तिकीट १,७२० रुपये! ते परवडणारे थोडेच. बाकीचे आणखी कित्येक वर्षे बोटीनेच गेले. हेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी युरोपातील माँ ब्लां पर्वतावर आदळले व ४८ जीव गेले. १९६० साली बोइंगची जेट विमाने आली. आता न थांबता जाणारे विमान नऊ-दहा तासांत पोहोचते. येताना वेळ थोडा कमी लागतो, कारण उंचावरचा पश्चिमेचा वारा पाठीशी असतो. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे, त्यामुळे दुपारी निघालेला माणूस संध्याकाळी तिथे चहा घेतो. याची मला अजून गंमत वाटते.

पण वाट मोकळी असेल तरच हे तास खरे. १९६७ ते १९७५ सुएझ बंद होता, तेव्हा बोटी पुन्हा आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. मार्च २०२० मध्ये करोनामुळे परदेशची प्रवासी विमाने थांबली. मे महिन्यात सरकारने खास विमाने सोडली, त्यांतही जागा मिळावी लागे. आमच्या आळीतल्या एक आजी त्या एप्रिलात गेल्या. मुलगा लंडनला. त्याने आईचे शेवटचे दर्शन फोनवर घेतले, आणि घरी आला तो थेट दिवाळीच्या सुमारास.