हा तर कोरियनच!

आईशी फोनवर बोलताना मी 'ने, ने' म्हणालो, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की आपलं काहीतरी बिघडलंय.

तर झालं असं. मी तेव्हा दक्षिण कोरियात ऑनसाइट होतो. आठ महिने झाले होते. कोरियनमध्ये 'हो'ला 'ने' म्हणतात. दिवसभर क्लायंटसमोर मान हलवत 'ने, ने' करून जीभ तिकडेच वळलेली. आई विचारत होती, "अरे, तुमच्या ऑफिसचा तो मुलगा येतोय ना तिकडे, त्याच्याबरोबर मेतकूट पाठवू का?" मी म्हणालो, "ने, ने." आई दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, "कुठे नेऊ?"

दोघंही पोट धरून हसलो. पण फोन ठेवल्यावर मला ते हसू काही पचलं नाही. आठ महिन्यांत 'हो' गेलं, मग आठ वर्षांत काय काय जाईल?

त्याच महिन्यात एक लाँग वीकेंड मिळाला आणि मी जेजूला गेलो. जेजू म्हणजे कोरियाच्या दक्षिणेचं बेट. आकाराने गोव्याच्या निम्मं, मधोमध हाल्लासान नावाचा ज्वालामुखी पर्वत, आणि जिकडे तिकडे काळा दगड रचून केलेले बांध. सह्याद्रीतल्या माणसाला तो दगड बघून उगाचच घरी आल्यासारखं वाटतं. दक्षिण किनाऱ्यावर योंगमोरी नावाच्या जागी १९८० साली उभारलेलं एक स्मारक आहे. हेंड्रिक हामेल नावाच्या डच माणसाचं. मी नाव कधी ऐकलं नव्हतं. हॉटेलवर परत येऊन शोधाशोध सुरू केली ती पहाटेपर्यंत चालली. आज तीच गोष्ट सांगायचीय.

हामेल हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. हीच ती कंपनी, जिची वखार १६३७ पासून आपल्या वेंगुर्ल्याला होती. हामेलचं काम जहाजावरच्या हिशेबनिसाचं. वय २३. 'स्पेर्वेर' नावाचं त्याचं जहाज १६५३ च्या जुलैअखेर तैवानहून जपानमधल्या नागासाकीला निघालं. मालात साखर, तुरटी, हरणांची कातडी. वाटेत वादळाने गाठलं आणि १६ ऑगस्टला, काळोख्या रात्री, जहाज खडकांवर आपटून फुटलं. ६४ माणसांपैकी ३६ वाचली. कप्तान गेला.

आता गंमत बघा. किनाऱ्यावर भिजलेल्या अवस्थेत बसलेल्या या लोकांमधल्या नाविकाने सूर्याचा कोन मोजला आणि अक्षांश काढला : ३३ अंश ३२ मिनिटं. म्हणजे हे क्वेलपार्ट बेट, तो म्हणाला. जेजूचं युरोपियन नाव क्वेलपार्ट. उत्तर बरोबर होतं. आपण कुठे आहोत हे त्यांना बिनचूक कळलं होतं. पण आसपासचा माणूस काय बोलतोय यातला एक शब्दही कळत नव्हता.

सुरुवात काही फार बरी झाली नाही. शिपाई आले, त्यांनी हामेलसह काही जणांच्या गळ्यात साखळी घातली, आणि तिला घंटा. हामेल लिहितो, आमच्या हॉलंडमध्ये मेंढ्यांना बांधतात तशी. मग खडकात अडकलेलं लाल वाइनचं एक पिंप सापडलं. यांनी ते अधिकाऱ्यांना देऊ केलं, सोबत प्यायला कंपनीचा चांदीचा पेला. अधिकाऱ्यांना वाइन भलतीच आवडली, मंडळी रंगात आली आणि जाताना पेला इमानदारीत परत देऊन गेली. दोन परक्या लोकांमधली पहिली यशस्वी मीटिंग बहुधा हीच!

कोरियाच्या बाजूची नोंदही उपलब्ध आहे. तिथल्या राजदरबाराच्या बखरीत जेजूच्या सुभेदाराने पाठवलेला अहवाल आहे. निळे डोळे, उंच नाक, पिवळे केस असं वर्णन. जपानी येणारा एक माणूस आणून त्याच्याकरवी विचारलं, तुम्ही 'किरिशितान' का? किरिशितान म्हणजे जपानीत ख्रिश्चन. तर हे सगळे म्हणाले, "या, या." डचमध्ये 'या' म्हणजे हो. कुठे चाललात? तर म्हणे, "नांगासाकी." संपलं संभाषण. साडेतीनशेहून जास्त वर्षांनी माझं 'ने, ने' आणि यांचं 'या, या'. परदेशात पहिला शिकायचा आणि शेवटी विसरायचा शब्द 'हो' असावा.

या सुभेदाराचं नाव ई वॉन-जिन. अभ्यासू माणूस. जेजूची माहिती देणारा 'ताम्नाजी' हा ग्रंथ त्याने त्याच वर्षी, १६५३ मध्ये सिद्ध केला. त्याने या लोकांना ज्या घरात ठेवलं, त्या घरात आधी कोरियाचा पदच्युत राजा क्वांगहे राहिला होता. १६२३ मध्ये गादीवरून उतरवलेला हा राजा १६४१ मध्ये जेजूतच वारला. म्हणजे नको असलेली माणसं ठेवायची जागा म्हणून बेटाची ख्याती आधीपासूनच होती. रोज माणशी पाऊण कॅटी तांदूळ आणि तेवढंच गव्हाचं पीठ मिळे. कॅटी म्हणजे साधारण सहाशे ग्रॅम. तोंडी लावायला जवळजवळ काही नाही. मिठाच्या पाण्याबरोबर गिळायचं. पण सहा-सहा जणांना पाळीपाळीने बाहेर हिंडायला, कपडे धुवायला सोडत. सुभेदार अधूनमधून बोलावून खायला-प्यायला घाले, धीर देई. पुष्कळ ख्रिश्चनांनाही लाज वाटेल अशी वागणूक या परधर्मी माणसाने दिली, असं हामेल स्वतः कबूल करतो.

आणि मग या गोष्टीतला तो प्रसंग येतो, ज्याच्यामुळे मी पहाटेपर्यंत जागा राहिलो.

२९ ऑक्टोबर १६५३. हामेल आणि आणखी काही जणांना सुभेदारापुढे नेलं. तिथे एक माणूस बसला होता. कोरियन पोशाख, लांब तांबूस दाढी. सुभेदाराने विचारलं, हा कोण असेल? हे म्हणाले, आमच्यासारखाच डच. सुभेदार हसला. म्हणाला, चुकलात, हा तर कोरियन आहे.

तो होता यान वेल्टेव्रे. गाव दे राइप, हॉलंड. १६२७ मध्ये पाणी भरायला दोन सोबत्यांबरोबर कोरियाच्या किनाऱ्यावर उतरला आणि तिघेही पकडले गेले. राजाकडे सुटकेची विनंती केली तर उत्तर मिळालं ते असं, की पंख असतील तर उडून जा, परक्यांना बाहेर सोडायची आमच्याकडे पद्धत नाही. १६३६ च्या मांचू स्वारीत दोन्ही सोबती लढताना मेले. हा उरला एकटा. तोफांचा जाणकार म्हणून फौजेत नोकरी, बायको, मुलगा, मुलगी, आणि नवीन नाव : पाक यॉन. आता वय ५७-५८. त्याला सोलहून मुद्दाम दुभाषा म्हणून पाठवलं होतं.

आणि दुभाष्याला भाषा आठवेना!

हामेल लिहितो की वेल्टेव्रे आपली भाषा इतका विसरला होता, की सुरुवातीला आम्हाला तो काय म्हणतोय तेच कळेना. हिशेब करून बघा. १६३६ ते १६५३, सतरा वर्षं. या सतरा वर्षांत डचमध्ये 'जेवलास का' असं विचारणारंही कोणी नव्हतं. एका कोरियन नोंदीत म्हटलंय, की या भेटीनंतर पाक यॉन कपडे भिजेपर्यंत रडला. मात्र पुढचा भाग मला जास्त आवडला. या लोकांत वावरून महिन्याभरात त्याची भाषा परत आली. म्हणजे ती पुसली गेली नव्हती. कुठेतरी खाली दबून होती, कोणी हाक मारायची वाट बघत.

आपण 'रुळलो' हे कोण ठरवतं? वेल्टेव्रेच्या बाबतीत सुभेदाराने हसत हसत ठरवून टाकलं. त्याच्या दृष्टीने ते कौतुकच होतं. बायको कोरियन, मुलं कोरियन, पगार कोरियन राजाचा. कागदोपत्री काही बाकी नव्हतं. बाकी होतं ते फक्त रडू.

हामेलने मात्र रुळायचं नाकारलं. १६५४ च्या सुरुवातीला नवा सुभेदार आला आणि ताटातला तांदूळ जाऊन जव आले. मग सहा जणांनी एक होडी पळवली. डोलकाठी कोसळली, पकडले गेले आणि प्रत्येकी २५ फटके खाऊन महिनाभर अंथरुणाला खिळले. मे अखेरीस सगळ्यांना सोलला हलवलं. तिथे राजाच्या पहारेकऱ्यांत भरती, महिना ७० कॅटी तांदूळ पगार. रस्त्यात बघ्यांची ही गर्दी! या लोकांना पाणी पिताना नाक कानामागे बांधावं लागतं, अशी अफवा होती म्हणे. १६५६ पासून दक्षिणेत रवानगी, मग दुष्काळ, मग भीक. गोष्टी ऐकायची आवड असलेले बौद्ध भिक्खू त्यांना सगळ्यात जास्त मदत करत. शेवटी ४ सप्टेंबर १६६६ ला दुप्पट किंमत मोजून मिळवलेल्या होडीतून हामेल आणि सात जण निसटले आणि जपानला पोचले. आपले महाराज आग्र्याहून निसटले तेही १६६६ च्या ऑगस्टमध्येच. एकाच पावसाळ्यातल्या दोन सुटका, एकमेकांना पत्ताही नसलेल्या.

हामेलचं टिपण १६६८ मध्ये हॉलंडमध्ये छापलं गेलं. कोरियाबद्दल युरोपियन माणसाने प्रत्यक्ष राहून लिहिलेली ती पहिली हकिकत. पण तिच्यामागे एक अगदी आपल्या ओळखीचं कारण होतं. कंपनीच्या नियमाने जहाज बुडालं त्या दिवसापासून पगार बंद. तेरा वर्षांचा थकलेला पगार मागायचा तर तेरा वर्षं कुठे होतो ते दाखवायला हवं. थोडक्यात, जगातली सर्वात लांबलेली टाइमशीट!

मागे आठ जण राहिले होते. त्यातले सात १६६८ मध्ये जपानला पोचले. आठवा, यान क्लासेन, आलाच नाही. तो वारला असं एक नोंद सांगते. दुसरी सांगते की त्याने तिथे लग्न केलं होतं, आणि आता आपल्यात डच असं काही उरलेलं नाही म्हणून तो मुद्दाम मागे राहिला. मला दुसरी खरी असावी असं वाटतं. पुराव्याने नाही, आपलं असंच.

एक गोष्ट मात्र हामेलच्या टिपणात नाही. ज्या जेजूवाल्यांच्या पहाऱ्यात तो होता, ते स्वतःही मोकळे नव्हते. राजाला द्यायच्या खंडणीत घोडे, संत्री, समुद्रात बुड्या मारून काढलेले शिंपले असं काय काय असे. त्या ओझ्याने लोक बेट सोडून पळायला लागले, म्हणून १६२९ मध्ये जेजूच्या रहिवाशांना बेट सोडायला बंदी घातली गेली. ती उठली १८२३ मध्ये. जवळजवळ दोनशे वर्षं! कैदी आणि पहारेकरी एकाच तुरुंगात. आणि जेजूची स्वतःची बोली आहे, सोलच्या माणसाला धड न कळणारी. युनेस्कोने २०१० मध्ये तिला मरणपंथाला लागलेल्या भाषांमध्ये घातलं. ती बोलणारे आता बहुतेक म्हातारे आहेत. भाषा विसरायला परदेशातच जावं लागतं असं नाही.

मी पाक यॉन नाही, हामेलही नाही. माझ्या खिशात पासपोर्ट होता, परतीचं तिकीट होतं, आणि रोज फोन करणारी आई होती. वेल्टेव्रेकडे नेमकं तेवढंच नव्हतं, त्याला 'कुठे नेऊ?' असं विचारून टोकणारं कोणी.

असो. दुसऱ्या दिवशी विमानतळावरून आईला फोन केला. तिने विचारलं, "जेवलास का रे?" मी जरा थांबलो, नीट आठवून म्हणालो, "हो."