निर्वात नलिकांची अदलाबदल (ध्वनिविवर्धक)

निर्वात नलिकांची अदलाबदल म्हणजे ध्वनिविवर्धकातील (अ‍ॅम्प्लिफायरमधील) एखाद्या स्थानावरची नलिका काढून तेथे दुसऱ्या उत्पादकाची अथवा मिळत्याजुळत्या प्रकाराची नलिका बसविणे होय. बोलीभाषेत या नलिकेस 'व्हॉल्व्ह' म्हणतात. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये बनविलेल्या ऑडिऑनपासून या नलिकांची परंपरा सुरू होते. भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकात त्यांचे उत्पादन केले.

नलिका बदलल्याचा परिणाम ती कोणत्या स्थानी आहे यावर अवलंबून असतो.

पहिला टप्पा

येथील दोष पुढील प्रत्येक टप्प्यात वाढत जातो. म्हणून कमी खरखर असलेली नलिका याच स्थानी ठेवतात. काचेवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारल्यास काही नलिकांचा टणत्कार कर्ण्यातून ऐकू येतो. अशी नलिका पहिल्या टप्प्यास अयोग्य, परंतु पुढील टप्प्यात ती बहुधा निर्वेध चालते.

ईसीसी८३, ईसीसी८१ व ईसीसी८२ यांच्या पिनांची मांडणी सारखी आहे, मात्र त्यांचे विवर्धनांक अनुक्रमे सुमारे १००, ६० व २० हून थोडे कमी आहेत. ईसीसी८३ च्या जागी ईसीसी८२ बसविल्यास त्या टप्प्याचे विवर्धन साधारणतः एक-चतुर्थांशावर येते. आवाज 'मऊ' झाल्याचा अनुभव बऱ्याचदा एवढ्यामुळेच येतो. दोन नलिकांची तुलना आवाजाची पातळी समान करूनच करावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. शिवाय मूळ रोध ईसीसी८३ साठी निवडलेले असल्याने दुसरी नलिका तिच्या योग्य प्रवाहावर चालेलच असे नाही.

मधला व अंतिम टप्पा

फेज इन्व्हर्टरमध्ये नलिकेच्या दोन्ही अर्धांचा समतोल महत्त्वाचा असतो. तो बिघडल्यास पुश-पुल मांडणीत एरवी परस्परांना छेदणारे सम संनादी शिल्लक राहतात.

अंतिम टप्प्यात जोखीम सर्वाधिक. ईएल३४ व ६एल६ एकाच आठ पिनी सॉकेटात बसतात, पण ईएल३४ चा हीटर १.५ अँपिअर घेतो, तर ६एल६ चा ०.९. रोहित्राची तेवढी क्षमता नसल्यास ते तापते. स्थिर बायस असलेल्या विवर्धकात नवी जोडी बसविल्यावर बायस पुन्हा जुळवावाच लागतो. तो चुकल्यास नलिकेची पट्टिका लाल होते. ईसीसी८३ व ईएल८४ दोन्ही नऊ पिनांच्या असल्या तरी त्यांची जोडणी भिन्न आहे. सॉकेटात बसते म्हणून चालते, हा समज महागात पडतो.

एकदिशकारक

जीझेड३४ ऐवजी ५वाय३ बसविल्यास व्होल्टता कमी होते, जोराच्या स्वरावर ती अधिक घसरते आणि स्वराची धार बोथट होते. गिटारवादकांस हा परिणाम कधी हवाही असतो. ५वाय३ ची प्रवाहक्षमता जीझेड३४ च्या निम्मीच (१२५ मिलिअँपिअर) आहे.

परिणामाची मर्यादा

मलार्डच्या '५-१०' (१९५४) सारख्या घरगुती विवर्धकांत ऋण फीडबॅक असल्याने नलिकांमधील फरक बराच झाकला जातो. गिटारच्या विवर्धकात नलिका मुद्दाम विरूपणापर्यंत चालविली जाते, त्यामुळे तेथे तो स्पष्ट जाणवतो. एकाच प्रकाराच्या दोन निर्दोष नलिकांतील फरकाविषयी केली जाणारी वर्णने मोजमापाने क्वचितच सिद्ध होतात.

धोका

विवर्धकात ३०० व्होल्ट वा अधिक व्होल्टता असते आणि वीज बंद केल्यानंतरही धारित्रांत ती टिकून राहू शकते. नलिका बदलताना यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे. बायस मोजण्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.