रूळ, गिरणी, चिमणी : सोलापूरचे पहिले जागतिकीकरण

'जागतिकीकरण आणि मराठी साहित्य' हा विषय गेली पंचवीस वर्षे आपल्या चर्चासत्रांच्या निमंत्रणपत्रिकांवर ठाण मांडून बसला आहे. त्यावरील निबंधांचे पहिले वाक्यही जवळपास ठरून गेलेले असते : '१९९१ साली भारताने नवे आर्थिक धोरण स्वीकारले आणि...'. ह्या वाक्यात चूक अशी काही नाही. परंतु सोलापुरात राहून मराठी शिकविणाऱ्याने दर वर्षी शंभर उत्तरपत्रिकांत ते वाचावे आणि निमूटपणे गुण द्यावेत, हे मला अलीकडे जड जाऊ लागले आहे. ह्याच वाक्याची सोलापुरी आवृत्ती आणखी आटोपशीर आहे. रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत कोणीही ती ऐकवील : 'जागतिकीकरण आले आणि आमच्या गिरण्या गेल्या.' ह्या विधानातला दुःखाचा भाग खरा आहे. इतिहासाचा भाग मात्र तपासून पाहावा लागतो.

ज्याला आपण जागतिकीकरण म्हणतो, ते सोलापुरास येऊन पोहोचले १८६० साली, आगगाडीने. मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ चा. १८५८ मध्ये रूळ पुण्यास आले आणि दोनच वर्षांत सोलापूरपर्यंत गेले. मधला बोरघाट मात्र अजून फुटायचा होता. पंचवीस बोगद्यांचा तो चढ १८६३ मध्ये खुला झाला. तोवर देशावरचा माल खंडाळ्यापर्यंत गाडीने यावा, घाट बैलगाडीने उतरावा आणि खाली पुन्हा गाडीत चढावा, असा क्रम होता. ह्या अर्धवट मार्गावरून सोलापूर मुंबई बंदराशी जोडले गेले आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले.

लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार-पंचमांश कापूस तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून, म्हणजे गुलामांच्या श्रमातून, येत असे. तो एकाएकी थांबला. इंग्लंडची नजर हिंदुस्थानाकडे वळली, मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरबाजार उधाणला, बॅकबेची रेक्लमेशन कंपनी निघाली. आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच हे सारे कोसळले. मुंबईची ही कथा आपण प्रेमचंद रायचंदांच्या नावासकट ऐकलेली असते. मात्र देशावरच्या शेतकऱ्याने भाव चढलेले असताना सावकाराकडून उचललेले कर्ज भाव उतरल्यावर उतरले नाही. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जाळण्यात आल्या. त्या उठावाच्या कारणांची चर्चा इतिहासकार करतात तेव्हा कापसाच्या ह्या तेजी-मंदीपर्यंत त्यांना जावेच लागते. सुप्याच्या शेतकऱ्याने लिंकनचे नाव ऐकले असण्याचा संभव कमीच. तरीही त्याच्या घरावरची जप्ती आणि अमेरिकेतील लढाई एकाच साखळीच्या दोन कड्या होत्या. ह्याला जागतिकीकरण म्हणावयाचे नसेल तर कशाला म्हणावयाचे?

ह्या ठिकाणी बार्शीचे उदाहरण मला सोलापूरपेक्षाही बोलके वाटते. बालाघाटापलीकडील निजामी मुलखातला कापूस आणि तेलबिया बार्शीच्या बाजारात उतरत आणि तेथून मुंबईकडे जात. साऱ्या परिसरातली ही जुनी आणि मातब्बर पेठ. रेल्वेची आखणी करणाऱ्यांनी मात्र रूळ बार्शीवरून नेले नाहीत. ते सुमारे एकवीस मैल अलीकडून, कुर्डुवाडीवरून गेले. मुंबईहून मद्रासला सर्वांत सोयीने कसे जाता येईल, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता आणि त्या प्रश्नात बार्शी बसत नव्हती. म्हणून कुर्डुवाडीच्या स्थानकाला नाव मिळाले 'बार्शी रोड'. गाव एकीकडे, स्थानक दुसरीकडे आणि स्थानकाच्या पाटीवर गावाकडे जाणाऱ्या रस्त्याचे नाव! प्रतीक शोधण्याची सवय असलेल्या साहित्याच्या विद्यार्थ्याने ह्याहून अधिक काय मागावे?

बार्शीच्या बैलगाड्या जवळजवळ चार दशके हे एकवीस मैल तुडवीत राहिल्या. अखेर जी. आय. पी. रेल्वेत पूर्वी नोकरी केलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने हा व्यवहार हेरला. १८९५ मध्ये लंडनला 'बार्शी लाइट रेल्वे' कंपनी निघाली आणि १८९७ मध्ये अडीच फुटी अरुंद रुळांवरून गाडी धावू लागली. कॅलथ्रॉपची युक्ती साधी होती. इंजिन असो वा डबा, एकाही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही. मग हलके रूळही पुरतात आणि खर्चही आटोक्यात राहतो. ही गाडी १९०६ मध्ये पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस पोहोचली. (पुढे ह्याच गृहस्थाने वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार करण्याचा ध्यास घेतला, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते. जमिनीवरचा भार वाटून देणारा माणूस आकाशातून पडणाऱ्याचा भार सावरावयास निघाला!) पण रुळांची रुंदी वेगळी असल्याने कुर्डुवाडीस प्रत्येक गाठोडे लहान डब्यातून काढून मोठ्या डब्यात चढवावे लागे. ते काम हमालांच्या पाठीवर होई. जागतिक व्यापाराचा एक सांधा असा शंभर वर्षे माणसांच्या पाठीवर तोलला गेला. १९५४ मध्ये ही रेल्वे सरकारने घेतली आणि २००० नंतर टप्प्याटप्प्याने तिचे मार्ग रुंद झाले.

रूळ कोठून न्यावेत, हा एक प्रश्न. त्यावरून काय, कोणत्या दिशेने आणि कोणत्या भाड्याने जावे, हा दुसरा आणि अधिक खोल प्रश्न. न्यायमूर्ती रानडे यांच्या वर्तुळातील गणेश व्यंकटेश जोशी यांनी तो एकोणिसाव्या शतकातच उपस्थित केला होता. रेल्वेवरील प्रचंड खर्च म्हणजे एका अर्थी इंग्लंडच्या उद्योगांना दिलेले साहाय्य होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. रेल्वे कंपन्यांना भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी होती आणि ती हिंदी रयतेच्या करांतून दिलेली होती. देशातल्या देशात माल नेण्यापेक्षा बंदराकडे कच्चा माल नेणे आणि बंदराहून पक्का माल आणणे भाड्याच्या दृष्टीने सोयीचे पडते, ही हिंदी व्यापाऱ्यांची तक्रार १९१६-१८ च्या औद्योगिक आयोगापुढे आली, १९२०-२१ च्या ॲकवर्थ समितीपुढेही आली आणि ती निराधार ठरली नाही. आगगाडीला केवळ 'प्रगतीचे चिन्ह' म्हणून शिकविणाऱ्या आपल्या टिपणांत हे वाक्य कधी येत नाही.

तरीही सोलापूरने ह्या रुळांचा एक वेगळा उपयोग करून दाखविला. १८७४ मध्ये मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांनी 'सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी' काढली आणि १८७७ मध्ये ती सुरू झाली. हीच आमची 'जुनी गिरणी'. साल लक्षात घ्यावे : १८७६-७८ चा भीषण दुष्काळ. गिरणीला हात स्वस्तात मिळाले, हे अप्रिय सत्य त्यात दडलेले आहे. पुढे १८९८ मध्ये लक्ष्मी, १९०८ मध्ये विष्णू आणि मग नरसिंगगिरजी व जाम ह्या गिरण्या आल्या. ज्या रुळांवरून कापूस परदेशी जावयाचा, त्याच रुळांवरून कोळसा आणि यंत्रे आत आली आणि कापसाचा काही भाग वाटेतच थांबून सूत झाला. ते सूत घेण्यासाठी गिऱ्हाइक गावातच होते : तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर.

१८९६ मध्ये मँचेस्टरच्या दबावाखाली सरकारने परदेशी कापडावर साडेतीन टक्के आयात कर ठेवला आणि 'न्याय' म्हणून हिंदी गिरण्यांत विणलेल्या कापडावरही तेवढाच अबकारी कर बसविला. तो १९२६ पर्यंत टिकला. ह्या करातून सूत आणि हातमागाचे कापड मात्र वगळलेले होते. गिरणीचे सूत आणि पेठेतला हातमाग ही सोलापूरची जोडी टिकण्यास ह्या सवलतीचा हातभार लागला असावा, असे मला वाटते. यंत्रयुग आले की कारागीर संपतो, हे आपले आवडते सूत्र सोलापूरच्या विणकराने बरेच दिवस खोटे पाडले. तो हातमागावरून यंत्रमागावर गेला, लुगड्यावरून चादरीवर आणि चादरीवरून टॉवेलवर गेला. डग्लस हेन्स ह्या अभ्यासकाने पश्चिम भारतातील लहान गावांच्या भांडवलशाहीवर २०१२ मध्ये लिहिलेला ग्रंथ ह्याच दिशेने जातो.

येथे मराठीच्या माणसाने थोडे खजील व्हावे अशी एक गोष्ट आहे. गिरणी म्हटले की आपल्याला मामा वरेरकरांचा 'धावता धोटा' आठवतो, नारायण सुर्वे आठवतात, जयंत पवारांचे 'अधांतर' आठवते. आणि ही सारी मुंबई आहे. ह्याच सोलापुरात १९३० मध्ये लष्करी कायदा पुकारला गेला, १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. आणि तरीही येथील गिरणगाव आपल्या अभ्यासक्रमात जवळजवळ नाही. एक कारण उघड आहे. येथील मागावरचा माणूस घरी तेलुगू बोलतो, शेजारी कन्नड, रस्त्यावर दख्खनी आणि कचेरीत मराठी. त्याच्या अनुभवाचा वाली कोणती भाषा, हे ठरलेच नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला कोकणातून आणलेली मराठी होती. आमच्या विणकराच्या घरातले बोलणे आम्हाला, वर्गात त्याची मुले समोर बसलेली असूनही, ऐकू आले नाही.

आता 'जागतिकीकरणाने गिरण्या गेल्या' ह्या वाक्याकडे परत येऊ. जुनी गिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. तेव्हा आयातीचे दरवाजे सताड उघडलेले नव्हते. हजारो कामगार रस्त्यावर आले, म्हणून जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा ताबा घेतला. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९५० मध्ये चिरंजितलाल चौधरी हरले. परंतु डिसेंबर १९५३ मध्ये द्वारकादास श्रीनिवास जिंकले. मोबदला न देता घेतलेला असा ताबा म्हणजे मालमत्तेपासून वंचित करणेच होय, असे न्यायालयाने म्हटले. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते त्यांत हा एक होता. कायद्याचे विद्यार्थी देशभर 'शोलापूर केस' पाठ करतात. सोलापूरच्या मुलांना ती ठाऊक नसते. गिरणी पुढे कायमची गेली. तिला १९९१ ने मारले नाही. व्यवस्थापनाने, जुनाट यंत्रांनी आणि मालक-सरकार-न्यायालय ह्या ओढाताणीने मारले. लक्ष्मी-विष्णूसारख्या गिरण्या नव्वदच्या दशकात बंद पडल्या हे खरे, पण तोवर १९८५ च्या वस्त्रधोरणाने यंत्रमागाला मोकळे रान दिले होते. एका अर्थी गिरणीला तिच्याच अंगणातल्या मागाने हरविले.

आणि ज्याला आपण खलनायक ठरविले, त्या जागतिक बाजारावरच आज अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतला टॉवेल बराचसा जगतो. कापडाच्या निर्यातीवर देशवार मर्यादा घालणारी व्यवस्था १ जानेवारी २००५ रोजी संपली. त्याच सुमारास, २००५-०६ मध्ये, सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल ह्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. एकीकडे गावाच्या नावाला कायद्याचे कुंपण आणि दुसरीकडे बाजाराचे कुंपण उठलेले, असा तो योग होता.

जुना प्रश्न मात्र तसाच राहिला. मार्च २०१२ मध्ये केंद्र सरकारने कापसाच्या निर्यातीवर अचानक बंदी घातली आणि शेतकऱ्यांच्या विरोधानंतर ती लवकरच मागे घ्यावी लागली. कापूस बाहेर गेला तर सूत महागते आणि मागवाला रडतो. तो अडविला तर भाव पडतो आणि शेतकरी रडतो. १८६१ मध्ये हा निर्णय लिव्हरपूलच्या बाजारात होत असे, २०१२ मध्ये तो दिल्लीत झाला. दोन्ही वेळा शेतकरी आणि विणकर ह्यांना बातमी कळली ती भाव बदलल्यावर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा मला १८९६ च्या त्या साडेतीन टक्क्यांची आठवण झाली. टॉवेल हा अमेरिकेस जाणाऱ्या भारतीय कापडमालातला एक मोठा जिन्नस आहे.

मी जुळे सोलापुरात राहतो. मूळ गावानंतर काही शतकांनी जन्मलेल्या ह्या वस्तीला 'जुळे' का म्हणावे, हे कोडे मला कधी सुटले नाही. आमच्या गच्चीवरून होटगी रस्त्यावरील सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी दिसत असे. सोलापूरकराला चिमणी म्हणजे गिरणीची चिमणी. गिरण्या गेल्यावर आकाशात तेवढी हीच उरली, असे वाटे. विमानांच्या मार्गात तिचा अडथळा होतो म्हणून बरीच वर्षे वाद चालला. १५ जून २०२३ रोजी ती सुरुंग लावून पाडण्यात आली. काहींनी पेढे वाटले, कारखान्याचे सभासद हळहळले. जून २०२५ मध्ये गोव्याचे विमान सुरू झाले. ते उतरू लागले की मुले अजून गच्चीवर धावतात. चिमणी होती त्या बाजूला आता निव्वळ आकाश आहे.