लिव्हिंगस्टनच्या काफिल्यातली नाशिकची मुले

१८५० च्या दशकात नाशिकजवळ शरणपूर ही मिशनची वसाहत उभी राहिली. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडत असे. सुटका झालेल्या आफ्रिकी मुलांपैकी काही इथे आली, लिहाय-वाचायला शिकली, शिवाय सुतारकाम आणि लोहारकामही. अंतराळ मोहिमांची चर्चा निघाली की कोलंबस आणि मॅगेलनचे दाखले देतात. पण दूर, संपर्काविना निभावून न्यायचे तर त्यापेक्षा शरणपूरच्या या मुलांचा दाखला जास्त कामाचा आहे.

१८६६ मध्ये मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत शिरला तेव्हा त्याच्याबरोबर नाशिकचे नऊ तरुण होते. कोमोरो बेटांवरचे हमाल मधेच पळाले आणि साहेब मारला गेल्याची थाप त्यांनी झांझिबारला ठोकून दिली. ती खोटी ठरवायला १८६७ मध्ये वेगळी शोधमोहीम पाठवावी लागली. त्याच वर्षी जानेवारीत दोन पळपुट्यांबरोबर औषधांची पेटीही गेली. हिवतापावरचे क्विनाइन त्या एकाच पेटीत! असला बेत आज अंतराळ मोहिमेचा कुठलाही अभियंता मंजूर करणार नाही.

बातमी पोचण्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. मंगळावरून निघालेला संदेश पृथ्वीवर यायला ३ ते २२ मिनिटे लागतात. सूर्य मधे आला की दोनेक आठवडे संपर्क जवळजवळ थांबतोच. चंद्राच्या वाटेवर यान बिघडले तेव्हा अपोलो १३ च्या अंतराळवीरांना ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राचा सल्ला लगोलग मिळत होता. मंगळावरच्यांना ती चैन नाही; लिव्हिंगस्टनच्या काफिल्यालाही नव्हती.

१ मे १८७३ च्या सुमारास, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. आज्ञा देणारे कोणी उरले नाही. सुसी आणि चुमा या म्होरक्यांनी सगळ्यांशी बोलून ठरवले: देह मायदेशी पोचवायचा. काळीज तिथेच झाडाखाली पुरले, देह मीठ लावून उन्हात वाळवला. शरणपुरात शिकलेल्या जेकब वेनराइटने प्रार्थना वाचली, झाडावर मजकूर कोरला आणि सामानाची यादी केली. ही यादी म्हणजे मला साऱ्या प्रकरणातली सर्वांत आधुनिक गोष्ट वाटते.

वाटेत उन्यान्येंबेला आरमाराचा लेफ्टनंट कॅमेरॉन भेटला. देह इथेच पुरा, असे त्याचे मत. काफिल्याने ते मानले नाही. कॅमेरॉनने लिव्हिंगस्टनची काही उपकरणे मात्र ठेवून घेतली. अधिकाऱ्याचा हुद्दा मोठा, पण काफिल्याची हिंमत, माणसे आणि वाटेचे धोके यांचा अंदाज काफिल्यालाच होता. सुमारे दीड हजार किलोमीटर तुडवून ते फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोच्या किनाऱ्याला पोचले, रोजनिशी आणि कागदपत्रांसकट.

१८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. सुसी आणि चुमा मागाहून इंग्लंडला गेले. संपादक होरेस वॉलरने लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या रोजनिशा छापायला घेतल्या तेव्हा जागा, माणसे आणि तारखा त्यांनी सांगितल्या. पुस्तकाच्या शीर्षकपानावर त्यांची नावे आली, पण ‘विश्वासू नोकर’ म्हणून. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने काफिल्यासाठी पदके पाडली, तोवर त्यातली बरीच माणसे पुढच्या गोऱ्या साहेबांच्या मोहिमांत ओझी उचलायला निघून गेली होती.