शिवलेले जहाज

श्रोतेहो, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी जहाजाची कथा! पण सोपाऱ्याचा माल घाट चढून नाशिकास येई. उषवदाताने नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचा लेख इथल्याच लेण्यात आहे.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील पाचव्या शतकातल्या जहाजाच्या चित्रावरून गोव्यात २०२३ पासून ‘कौंडिण्य’ बांधले गेले. फळ्यांना खिळा नाही. काथ्याच्या दोरीने त्या शिवल्या, फटी राळेने बुजविल्या. चित्रात डोलकाठ्या दिसतात, शिवण दिसत नाही. ती विद्या पोथीत नव्हती. केरळच्या कारागिरांच्या बोटांत उरली होती. बाबू शंकरन यांच्या टोळीने हजारो टाके घातले. आम्हां कामगारांना नाव विचारावेसे वाटते ते त्यांचे. २१ मे २०२५ रोजी कारवारला जहाज नौदलात दाखल झाले.