श्वसनाचा पुरावा : कोपनहेगन, १९५२
इ. स. १९५२ च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओचे रुग्ण पेटीच्या वा कवचाच्या आकाराच्या श्वसनयंत्रांत ठेवूनही दगावत होते. पहिल्या ३१ पैकी २७ मृत्यू पावले. रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण वाढलेले आढळे व त्यावरून रक्त अल्कधर्मी झाले असे मानले जाई. वस्तुतः वायू साचत आहे, असे भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी प्रतिपादिले. श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवीने श्वास देताच ते प्रमाण उतरले. आज जुनाट श्वसनविकाराचा रुग्ण घरी मास्क लावून यंत्रावर रात्र काढतो. त्याच्याही बाबतीत केवळ प्राणवायू मोजून भागत नाही; निद्रेत साचणारा कार्बन डायऑक्साइडही मोजावा लागतो. यंत्राचे चालणे हा श्वसन पुरेसे असल्याचा पुरावा नव्हे.